डेनिसरावांच्या चर्चची घंटा

अल कुसैस, दुबई
१७ नोव्हेंबर २०२४

चि. शुभ्रा,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तरी पाकीट टाकून देण्याआधी पहिलं पान तेवढं वाच. नंबर तू बदललास, मेसेज जात नाहीत, मग आईने करायचं काय? घराचा पत्ता माणसाला इतक्या पटकन बदलता येत नाही, म्हणून पोस्टाचा आसरा.

इकडे सगळं ठीक. बाबा ठीक आहेत. हवा आता कुठे माणसात आलीय, संध्याकाळी गॅलरीत बसता येतं. समोरच्या फ्लॅटमधली शहनाझ आजी झाली. तुला आठवत असेल, तुझ्या प्रत्येक परीक्षेला माझ्या दही-साखरेवर तिचा खजूर असायचाच. परवा तिने विचारलं, "शुभ्रा कैसी है?" मी म्हटलं, एकदम मजे में. दुसरं काय सांगणार?

मराठीत लिहितेय म्हणून कंटाळू नकोस. दर शुक्रवारी दुपारी तुला धरून बसवून मीच शिकवलं. तू भोकाड पसरायचीस, "आई, नोबडी रीड्स धिस हिअर!" अजूनही वाचताना तुझे ओठ हलत असतील.

दीड वर्ष झालं, पण तुमच्या विलायतेतल्या गावचं ते चर्च डोळ्यांपुढून हलत नाही. चार वर्षं तुझ्याशी न बोललेली मी, रॉबिन सुतारकाम करतो म्हणून तुझ्या लग्नालाही न आलेली मी, आणि त्याच रॉबिनचे वडील मला हाताला धरून आपलं सातशे वर्षांचं चर्च दाखवत होते! गारगोट्यांच्या भिंती, दारातलं ते म्हातारं झाड, आत थडग्यावर झोपलेला दगडी सरदार आणि त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा. बायकांनी भरतकाम केलेल्या गुडघे टेकायच्या उशा. मी म्हटलं, डेनिसराव, एक उशी मीही भरून देईन. डेनिसराव म्हटलेलं त्यांना फार आवडायचं. "राव" म्हणजे "सर"च्या वरचं, असं बाबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

आणि दारासमोरच्या भिंतीवरचं ते पुसट चित्र. पाण्यातून चाललेला धिप्पाड माणूस, खांद्यावर मूल. बाबा ओरडलेच, "अरे, हा तर वसुदेव!" मग दोघे म्हातारे त्या चित्राखाली उभे राहून आपापली गोष्ट एकमेकांना सांगत बसले. दारापाशी वही होती, आलेल्यांनी नाव-गाव लिहायची. मीही लिहिलं चार शब्द.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. बाबांनी घंटेचा दोर ओढला, तो आवरायला डेनिसराव धावले, दोराने त्यांना उचलून फरशीवर आपटलं, आणि तीन आठवड्यांनी ते हॉस्पिटलमध्येच वारले. झालं ते झालं. मुद्दाम कुणी करत नाही, शुभ्रा. अंत्यविधीच्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "मी आत्ता नाही करू शकत हे, फोन करू नकोस." मी समजू शकते. पण 'आत्ता' किती दिवसांचं असतं?

रॉबिनला आशीर्वाद. बाबांना खाली दोन ओळी लिहायला सांगते.

तुझीच,
आई

*शुभ्रा, माझं चुकलं. रॉबिनलाही सांग. – बाबा*


अल कुसैस
२ फेब्रुवारी २०२५

चि. शुभ्रा,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. न वाचता ठेवलं असशील तर निदान दोन्ही एकत्र ठेव.

मागच्या पत्रात "बाबा ठीक आहेत" असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. तेव्हा त्यांची तपासणी चालू होती, तुला कशाला घोर, असं मी मनाला सांगत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की एवढं सांगूनही तू आली नाहीस तर? त्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

बाबा विसरायला लागलेत. चष्मा आणि किल्ल्या आपण सगळेच विसरतो, हे तसलं नाही. ऑफिसात एकच ड्रॉइंग त्यांनी तिसऱ्यांदा पाठवलं, मग मीटिंगमध्ये स्वतःच्याच टीममधल्या पोराला त्याचं नाव विचारलं. सव्वीस वर्षं ज्यांनी "चारुदत्त सर, चारुदत्त सर" केलं, त्यांनी केक कापून घरी पाठवलं. व्हिसा एकतीस मेपर्यंत. मग पुण्याला, माझ्या बहिणीच्या सोसायटीत एक फ्लॅट बघितलाय. डॉक्टर म्हणतात, जागा बदलली की असे पेशंट आणखी चार पायऱ्या खाली उतरतात. इथे निदान लिफ्टचं बटण हाताला सवयीचं आहे.

नशिबाने माणसाची फिरकी तरी किती घ्यावी! ज्याला सकाळी चहा घेतलाय की नाही हे आठवत नाही, त्याला एक गोष्ट मात्र रोज आठवते. तुमचं चर्च. ती घंटा.

गेल्या आठवड्यात मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात हे गायब. वेड्यासारखी खाली धावले. आपल्या इमारतीचा वॉचमन इद्रीस आहे ना, त्याच्या खुर्चीसमोर हात जोडून उभे. "भाईसाब, मुझसे गलती हो गई. रस्सी मैंने खींची. आपके आदमी को मैंने मारा." इद्रीस बिचारा गांगरला. त्याने ह्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "खलास साब, खलास. माफ किया. ऊपरवाला भी माफ करेगा, इन्शाल्ला." हे लहान मुलासारखे हसले. जेवले नीट. दुसऱ्या दिवशी परत खाली, परत हात जोडून उभे.

आता ते लिफ्टमध्ये भेटेल त्याची माफी मागतात. डिलिव्हरीवाल्याची मागतात. शहनाझच्या नातीची मागितली, ती तीन महिन्यांची आहे.

शुभ्रा, मी हट्टी बाई आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मी कुणापुढे पदर पसरला नाही, तुझ्या आजीपुढेही नाही. आज पसरते. एक फोन कर. बाबांशी बोल. तुझा आवाज ते अजून ओळखतात. तुझा जुना व्हॉइस मेसेज, त्यांच्या वाढदिवसाचा, मी रोज सकाळी लावते, आणि ते उठून शर्ट बदलतात. त्यांना वाटतं, तू येतेयस.

माझ्याशी नको बोलूस हवं तर.

आई

*शुभ्रा, चूक माझी. – बाबा*


अल कुसैस
२२ एप्रिल २०२५

शुभ्रा,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे पत्र वाचून तू ठरव. म्हणून आज नुसतंच नाव.

दोर मी ओढला.

घे. लिहिलं एकदाचं. जवळजवळ दोन वर्षं हे तीन शब्दांचं वाक्य तोंडातून निघालं नाही, आणि आता कागदावर किती लहानसं दिसतंय.

सगळं सांगते, पण मला सोडवायला नाही. आदल्या दिवशी जेवताना डेनिसरावांनी समजावलं होतं. त्यांच्याकडे घंटा उलटी करून, तोंड आभाळाकडे करून उभी ठेवतात. दुपारी लग्न असलं की सकाळीच ती तशी चढवून ठेवायची, आणि मग खालच्या दोराला कुणी हात लावायचा नाही, कारण सगळी घंटा वजनानिशी फिरते. हे मला आता नीट माहीत आहे. तेव्हा ते त्यांच्या गावाकडच्या इंग्रजीत भराभर बोलत होते, मला निम्मंही कळलं नाही, आणि मी मान डोलावली. तीस वर्षं दुबईत राहिलेली बाई, पुन्हा सांगा म्हणायची लाज वाटली. बाबांना सगळं कळलं होतं. ते मला म्हणाले नाहीत, कारण मला कळलं असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी तू आणि रॉबिन बाहेर गावातल्या कुणाच्याशा लग्नाची फुलं उतरवत होतात. ते दोघे वसुदेवाखाली गप्पा मारत होते. मी मागे, मनोऱ्याखाली. तिथे दोर लोंबत होते, त्यांना लाल-पांढऱ्या लोकरीचे जाड गोंडे. पुढे एक दोरी आडवी बांधली होती, पाटीही होती. आपल्याकडे गाभाऱ्यापुढेही दोरी असते, कोण मानतं? मी वाकून आत गेले.

त्या दिवशी सकाळी तू माझी वेणी घातली होतीस, शुभ्रा. आठवतं? "आई, केस किती पांढरे झाले गं" म्हणालीस आणि कंगवा तसाच धरून उभी राहिलीस. चार वर्षं मी ज्या-ज्या देवाला म्हणून सांगितलं होतं, लेक परत दे, त्यातला कोणता पावला मला माहीत नव्हतं. समोर जो होता त्याला सांगून टाकावं म्हटलं. आणि देवाच्या दारात येऊन घंटा न वाजवता कसं जायचं? लहानपणापासून हात आपोआप वर जातो. मी गोंडा धरला आणि ओढला.

आधी काहीच झालं नाही. हलकं लागलं. मग वर कुठेतरी आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला आणि दोर माझ्या हातातून निसटून वर गेला, परत खाली आला, सापासारखा वळवळायला लागला. डेनिसराव ओरडत आले. त्यांनी मला आधी बाजूला ढकललं. हे लक्षात ठेव, त्यांनी मला ढकललं नसतं तर त्या वेढ्यात मी असते. वेढा त्यांच्या हाताला बसला.

तुम्ही दोघे आत धावलात तेव्हा दोर शांत झाला होता आणि तो बाबांच्या हातात होता. मी भिंतीला टेकले होते. रॉबिन ओरडला, "हू डिड धिस?" मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. बाबा म्हणाले, "मी. आय पुल्ड इट. सॉरी. आय पुल्ड इट."

रात्री खोलीत मी त्यांच्या पायाशी बसले. ते म्हणाले, "सुहास, तुझं नि तिचं आत्ता कुठे जुळलंय. परत तुटलं तर या जन्मात जुळायचं नाही. माझं काय, माझी नि शुभ्राची दोस्ती पक्की आहे. सहा महिने रागावेल आणि येईल. डोंट वरी." इंजिनिअर माणूस, हिशेब करून बोलला. आयुष्यात पहिल्यांदा हिशेब चुकला.

तू म्हणशील, ते बोलले, पण तू गप्प का बसलीस? ऐक. अँब्युलन्स गेल्यावर तू माझ्या गळ्यात पडलीस. "आई, बाबा असं कसं करू शकतात?" म्हणत माझ्या खांद्यावर रडलीस. चार वर्षांनी माझी मुलगी माझ्या खांद्यावर रडत होती. मला ते हवं होतं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि गप्प बसले. याच्यापुढे माझ्याकडे सांगायला काही नाही. नंतरचा प्रत्येक दिवस त्याच पाच मिनिटांचा.

डेनिसरावांना सगळं माहीत होतं. हॉस्पिटलात मी त्यांच्याजवळ एकटीच होते, तू चहा आणायला खाली गेली होतीस. मी रडत होते. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे देवळात घंटा कोण वाजवतं?" मी म्हटलं, जो येईल तो. ते हसले, बरगड्या दुखल्या असतील, कळवळले. मग म्हणाले, "चांगली पद्धत आहे." एवढंच. त्यांनी मुलालासुद्धा सांगितलं नाही. दोन पुरुषांनी मला पाठीशी घातलं, शुभ्रा. एक गेला आणि दुसरा हा असा माझ्या डोळ्यांदेखत चाललाय.

आता का सांगतेय ते ऐक, कारण वेळ नाही. मागच्या महिन्यात मला सहन होईना. मी बाबांना समोर बसवून म्हटलं, "अहो, दोर तुम्ही नाही ओढला. मी ओढला. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात." त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं सांगू? दयेने. माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुहास, माझं पाप तू स्वतःवर घेऊ नकोस गं."

त्यांना ते खरंच वाटतं. खोटं तेवढं राहिलं आणि खरं धुऊन गेलं. मी रोज सांगते. चिडून सांगितलं, रडून सांगितलं, शहनाझला साक्षीला बसवलं. ते माझी समजूत घालतात. रात्री उठून बसतात आणि हात बघत राहतात. ज्या माणसाने आयुष्यात झुरळ मारलं नाही, तो खुनी होऊन मरणार, आणि ते माझ्यामुळे.

माझं ते ऐकणार नाहीत. मी बायको, मी सांभाळूनच घेणार. पण तू सांगितलंस तर ऐकतील. ते खोटं त्यांनी तुला सांगितलं होतं, ते काढून घेणंही तुझ्याच हातात आहे. "बाबा, दोर तुम्ही नाही ओढला. आईने ओढला. मला माहीत आहे." एवढंच म्हण. एकदा नाही पुरलं तर रोज म्हण. इथले सकाळचे दहा म्हणजे तुमचे सात. चहा झाल्यावर तासभर ते बरेच ताजे असतात. माझा नंबर तोच आहे.

आणि तुला वाटत असेल की म्हातारी नवऱ्याला सोडवायला गोष्ट रचतेय, तर चर्चमध्ये जा. दाराजवळची ती वही उघड. दहा जून दोन हजार तेवीस. दोर ओढायच्या आधी दोन मिनिटं मी त्यात लिहिलंय. तुमच्या अख्ख्या गावात कुणाला वाचता येणार नाही. नोबडी रीड्स धिस हिअर. तू एकटी वाचू शकतेस. तिथे लिहिलंय: "माझी लेक मला परत मिळाली. घंटा वाजवून देवाला सांगते. सौ. सुहासिनी."

वाचल्यावर रॉबिनला सांग. त्याने मला हवी ती शिक्षा द्यावी, पोलिसांत द्यावं, मी येते. मला माफ करू नकोस, मी मागतही नाही. एकतीस मेच्या आत फोन कर, एवढंच. त्यानंतर पुण्याच्या नव्या भिंतींमध्ये त्यांना तुझा आवाज तरी ओळखता येईल की नाही, मला माहीत नाही.

या वेळी बाबांना लिहायला सांगणार नव्हते. पण मी पेन खाली ठेवताना ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शुभ्राला ना? माझ्या दोन ओळी." किती वाचलं, त्यातलं किती कळलं, देव जाणे. मी अडवलं नाही. त्यांना अर्धा तास लागला. जसं आहे तसं पाठवतेय.

सुहासिनी

*शुभ्रा, दोर मी ओढला. आई काही म्हणेल, तू ऐकू नकोस. तिला रागावू नकोस. ती त्या दिवशी फार खूष होती. – बाबा*